तांबेऱ्याचा बीजाणू घडवणारी जनुकं : प्रकल्प नोंदी, फोंडा

१ जुलै २०२४

प्रश्न असा आहे. गव्हाच्या पानात शिरलेली तांबेऱ्याची बुरशी काही दिवस नुसती पसरते आणि पानातलं अन्न ओढते. मग एके दिवशी पानाची त्वचा फाटते आणि बीजाणूंची पूड बाहेर पडू लागते. ही पूड घडवण्याचं काम बुरशीची कुठली जनुकं करतात?

गोव्यात गहू पिकत नाही, त्यामुळे जिवंत तांबेरा लॅबमध्ये आणायचा विचार पहिल्याच बैठकीत बाजूला पडला. ही बुरशी जिवंत गव्हावरच नीट वाढते, माध्यम भरलेल्या बशीत वाढायला सहजी तयार होत नाही. जिवंत तांबेऱ्यावरचं काम महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात, सिमल्याच्या फ्लॉवरडेलला, निलगिरीतल्या वेलिंग्टनला चालतं, आणि ते तिथेच चालावं. आमच्याकडे एक बरा सर्व्हर आहे, चांगला सूक्ष्मदर्शक आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी खुला ठेवलेला आरएनए डेटा आहे, म्हणजे कुठलं जनुक कधी किती चालू होतं याची मोजणी. एवढ्यावर प्रश्न पुढे नेता येतो असं आमच्या लॅबच्या मॅडमचं मत आहे, माझंही.

गव्हावर तीन तांबेरे येतात: काळा, नारिंगी आणि पिवळा. काळ्या तांबेऱ्याचं जीवनचक्र पाच प्रकारच्या बीजाणूंचं. त्यातले दोन बार्बेरीच्या झुडपावर बनतात, बाकीचे गव्हाशी किंवा गव्हाच्या धसकटाशी बांधलेले. आम्ही फक्त युरेडोस्पोअर घेतोय, म्हणजे गव्हावरून गव्हावर जाणारा तांबूस बीजाणू. भारतात बार्बेरीचा या रोगाच्या फेऱ्यात काही वाटा नाही. आग्रा कॉलेजच्या करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षं बीजाणू गोळा करून दाखवून दिलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही, तो डोंगरांवर जगतो आणि दर हंगामात तिथून खाली उतरतो. काळा तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून निघतो, बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या वाऱ्यावर स्वार होऊन मध्य भारतापर्यंत येतो. हा सगळा प्रवास युरेडोस्पोअरचा आहे. नारिंगी तांबेऱ्याचा एक फोड दिवसाला सुमारे ३००० बीजाणू सोडतो आणि वीसेक दिवस सोडत राहतो. महाराष्ट्रातला गहू उत्पादक ज्याला घाबरतो ते हेच.

५ जुलै

डेटा ठरला. मुख्य मालिका पिवळ्या तांबेऱ्याची, रोगाला बळी पडणाऱ्या वाणावरची. लागण केल्या दिवसापासून ११ व्या दिवसापर्यंत टप्प्याटप्प्याने घेतलेली पानं. जोडीला पानातून वेगळी काढलेली हॉस्टोरिया (पानाच्या पेशीत शिरून अन्न ओढणारे बुरशीचे अवयव), कोरडे बीजाणू आणि रुजवलेले बीजाणू यांचे स्वतंत्र संच.

पिवळा तांबेरा थंडीचा रोग, पंजाब-हिमाचलचा. आपल्या बाजूच्या गव्हावर नारिंगी आणि काळा येतो. तरी मालिका पिवळ्याची घेतली, कारण दिवसागणिक इतकी नीट घेतलेली सॅम्पलं त्याचीच हाताशी आहेत. जे सापडेल ते समजनुकांच्या, म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेल्या जुळत्या जनुकांच्या, आधारे इतर दोघांत शोधायचं. तिन्ही एकाच पुक्सिनिया प्रजातीगणातले, बीजाणू घडवायची रीत सारखी, त्यामुळे हे चालण्यासारखं आहे.

डाउनलोड रात्री लावतेय. पावसात वीज जाते, यूपीएसची बॅटरी नवी मागवली आहे.

१२ जुलै

पानाच्या सॅम्पलमध्ये आरएनए दोघांचा: गव्हाचा आणि बुरशीचा. गव्हाचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे १६०० ते १७०० कोटी अक्षरांचा, काळ्या तांबेऱ्याचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला संच ८.९ कोटींचा. दोन्हींचा एकत्र संदर्भ बांधून रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे, त्यावर बसवले, म्हणजे गव्हाचा रीड चुकून बुरशीच्या खात्यात जमा होत नाही.

पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या पानांत बुरशीचे रीड फार तुटपुंजे आहेत. सातव्या दिवसापासून ते भराभर वाढतात. हे अपेक्षितच होतं, पण सुरुवातीच्या दिवसांबद्दल काहीही ठामपणे बोलताना हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावे लागतील. थोड्या रीडवर बेतलेला चढ-उतार दिसायला मोठा आणि भरवशाला कच्चा असतो.

दुसरी गोष्ट दोन केंद्रकांची. युरेडोस्पोअरच्या प्रत्येक पेशीत दोन वेगळी केंद्रकं शेजारी शेजारी नांदतात, एकमेकांत मिसळत नाहीत. काळ्या तांबेऱ्यात प्रत्येकात १८ गुणसूत्रं. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या दोन आवृत्त्या असतात, जवळपास सारख्या तरी हुबेहूब नव्हेत. २०१९ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या युजी-९९ या कुप्रसिद्ध वाणाचे दोन्ही संच वेगवेगळे वाचले गेले तेव्हा कळलं की त्यातलं एक अख्खं केंद्रक दुसऱ्या जुन्या वाणाकडून आलेलं आहे. लैंगिक संकर न होता, दोन बुरशींचे धागे जुळून केंद्रकांची अदलाबदल झालेली. हे वाचलं त्या दिवशी मी बाकी काही काम केलं नाही. आमच्या हिशेबापुरता निर्णय असा: दोन्ही आवृत्त्यांची बेरीज धरायची. कुठल्या केंद्रकाचं जनुक जास्त बोलतं हा प्रश्न सुंदर आहे, पण तो या प्रकल्पाचा नाही.

२२ जुलै

बुरशीच्या बीजाणूनिर्मितीवर कोणीही वाचायला बसलं की सुरुवात अॅस्परजिलस या बुरशीपासून होते. तिथे ब्रल-ए नावाचं जनुक आहे. ते बंद केलं तर बुरशी नुसते दांडे उगवते, त्यावर बीजाणू धरत नाहीत. आणि १९८८ मध्ये दाखवलं गेलं की भलत्या वेळी ते चालू केलं तर धाग्यांच्या टोकांवरही बीजाणू येतात. ब्रल-ए मग अबा-ए ला उठवतं, अबा-ए वेट-ए ला. इतकी स्वच्छ साखळी हाती असल्यावर ती तांबेऱ्यात शोधायचा मोह कोणालाही होईल.

शोधली. ब्रल-ए चं खरं भावंड तांबेऱ्यात नाही. जे जुळतं ते जस्त धरणाऱ्या बोटांसारख्या घडीपुरतं, आणि ती घडी शेकडो प्रथिनांत असते. अशा जुळणीवर कुटुंब ठरवता येत नाही. ब्रल-ए मुळात अॅस्परजिलस आणि पेनिसिलियमच्या वर्तुळापुरतंच आहे. तांबेरा बॅसिडिओमायसीट, म्हणजे अळंब्यांच्या घराण्यातला, या दोन घराण्यांची फारकत कैक कोटी वर्षांपूर्वीची. शिवाय घडणही वेगळी. अॅस्परजिलसचा बीजाणू हवेत उभ्या दांड्यावर बनतो, तांबेऱ्याचा पानाच्या त्वचेखाली दाटीवाटीत.

अॅस्परजिलसची यादी बाजूला ठेवली. सुरुवात तांबेऱ्याच्या जवळच्या नातलगांपासून करायची.

३० जुलै

कागदावर बीजाणू वाचून वाचून कंटाळा आला होता. देवळाच्या वाटेवरच्या चाफ्याची पानं पावसात मागून नारिंगी होतात, ती चाफ्याच्या तांबेऱ्यामुळे. नाव कोलिओस्पोरियम. एक पान पिशवीत घालून आणलं.

वरून पान नुसतं पिवळ्या ठिपक्यांचं. उलटलं की ठिपक्याखाली बरोबर नारिंगी ढीग. बोट लावलं की रंग उठतो. सुईने थोडी पूड काढून लॅक्टोफिनॉलच्या थेंबात पसरवली, काच ठेवली, आधी दहाच्या आणि मग चाळीसच्या भिंगाखाली पाहिलं. बीजाणू लंबगोल, कोनेदार, आत केशरी थेंब, बाहेरच्या भिंतीवर बारीक पुटकुळ्या. काही ठिकाणी ते एकामागे एक असे साखळीत चिकटलेले होते.

ही साखळी महत्त्वाची. कोलिओस्पोरियमचे युरेडोस्पोअर माळेसारखे एकाखाली एक बनतात. पुक्सिनियाचे तसे नाहीत, तिथे प्रत्येक बीजाणू आपापल्या देठावर एकटा बसतो. नाव एकच, रंग जवळजवळ एकच, पण घडायची पद्धत निराळी. तेव्हा चाफ्याचा तांबेरा डोळ्यांना सराव म्हणून उत्तम, गव्हाच्या तांबेऱ्याच्या जागी घ्यायला नाही. भुईमुगाचा तांबेरा मात्र पुक्सिनियाच आहे. मामांचं पेडण्याला भुईमुगाचं शेत आहे, पण ते भात कापल्यावर. थांबावं लागेल.

१४ ऑगस्ट

नातलगांत सगळ्यात उपयोगी मक्यावरची काणी, उस्टिलॅगो मेडिस. ती लॅबमध्ये वाढते, तिची जनुकं काढता-घालता येतात, म्हणून तिच्यावर कामही भरपूर झालेलं. २०१६ मध्ये तिच्यातल्या रॉस-१ या नियामकाचं, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचं, काम प्रसिद्ध झालं. रॉस-१ काढून टाकलं तर बुरशी मक्यावर गाठी धरते, पण गाठीत टेलिओस्पोअर, म्हणजे जाड भिंतीचे काळे बीजाणू, तयार होत नाहीत. आणि बीजाणूंच्या जनुकांबरोबरच, उशिरा स्रवणाऱ्या आणि झाडाला भुलवणाऱ्या प्रथिनांची पूर्ण फळीही रॉस-१ च बदलतं.

रॉस-१ ज्या डब्ल्यूओपीआर कुटुंबातलं आहे ते बुरशीजगतात दूरवर पसरलेलं आहे. तांबेऱ्यातल्या या कुटुंबाच्या सदस्यांची यादी केली. मालिकेत त्यांचा आलेख काढून बघण्याआधी मॅडमनी थांबवलं, आणि ते रास्त होतं. रॉस-१ चं काम टेलिओस्पोअरचं. आपल्या मालिकेत ११ व्या दिवसापर्यंत फक्त युरेडोस्पोअर आहेत. टेलिओस्पोअर पीक पिकू लागल्यावर येतात, त्यांच्यात दोन केंद्रकं एक होतात, पुढे अर्धसूत्री विभाजन असतं. तो वेगळाच कार्यक्रम. इथे ही जनुकं गप्प दिसली तर त्यावरून ती निकामी ठरत नाहीत, आणि बोलती दिसली तर रॉस-१ सारखीच वागतात असंही ठरत नाही. यादी ठेवून दिली, टेलिओस्पोअरचा चांगला डेटा मिळाला की उघडायची.

९ सप्टेंबर

चवथीची सुट्टी. घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, उतरवली, इकडे सर्व्हरवर गट पाडायचं काम चालू ठेवून गेले होते. पूर्ण झालं आहे.

११ सप्टेंबर

प्रकल्पाचा गाभा आजच्या आकृतीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बुरशीची सगळी जनुकं त्यांच्या चढ-उताराच्या आकारावरून गटांत पाडली. एक मोठा गट सातव्या दिवसापर्यंत खाली आणि नवव्या-अकराव्या दिवशी एकदम वर. पानावर फोड फुटायची वेळही हीच. पहिली प्रतिक्रिया अशी की मिळाली, ही बीजाणूंची जनुकं. लॅबमधला आमचा धाकटा सहकारी तर शीर्षकच लिहायला निघाला होता.

पण उशिरा चढणं आणि बीजाणू घडवणं या दोन गोष्टी एक नव्हेत. अकराव्या दिवशी पानात काय काय चाललेलं असतं ते पाहा. फोडाच्या तळाशी बीजाणू बनतायत. त्याच्या भोवताली नवे धागे अजून पुढे सरकतायत. शेकडो हॉस्टोरिया पेशींत बसून साखर आणि अमिनो आम्लं ओढतायत, किंबहुना तेव्हाच सगळ्यात जास्त ओढतायत, कारण बीजाणूंना माल पुरवायचा आहे. फुटलेल्या फोडातले काही बीजाणू ओल्या पानावर पुन्हा रुजतही असतील. या सगळ्यांचा आरएनए एकाच नळीत येतो. बुरशी एकूण वाढली म्हणून दिसणारा चढ हिशेबातून काढता येतो, तो काढलेला आहे. बुरशीच्या आतली ही सरमिसळ तशी निघत नाही.

म्हणून चाळणी तीन पदरी केली. जनुक उशिरा चढलं पाहिजे. वेगळ्या काढलेल्या हॉस्टोरियांत ते खाली असलं पाहिजे. आणि नुसत्या रुजवलेल्या बीजाणूंतही ते वर असता कामा नये.

चाळणी बरी आहे की नाही हे ठरवायला आधीपासून माहीत असलेली जनुकं लागतात. व्हिसिया फाबा या शेंगभाजीच्या तांबेऱ्यात एचएक्सटी-१ हा साखर वाहणारा प्रथिनरेणू हॉस्टोरियाच्या पटलावर बसतो हे २००१ मध्ये प्रत्यक्ष दाखवलेलं आहे. थायामिन बनवणारी टीएचआय-१ आणि टीएचआय-२ ही जनुकंही हॉस्टोरियात धो धो चालतात. यांची पिवळ्या तांबेऱ्यातली भावंडं नुसत्या उशिरा-चढण्याच्या निकषावर यादीत येत होती. तीन पदरांतून गेल्यावर ती गळली. गळायलाच हवी होती. उलट बाजूची कसोटी रंगाची. युरेडोस्पोअरचा पिवळा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइडांचा, तो बीजाणू घडताना भरला जातो. ती विकरं बनवणारी जनुकं यादीत राहिलीच पाहिजेत. राहिली.

दोन्ही बाजूंनी कसोटी उतरल्यावर मगच उरलेल्या यादीवर विश्वास ठेवायला सुरुवात केली.

१३ सप्टेंबर

तिसऱ्या पदरावर मॅडमशी लांबलचक चर्चा. कोरड्या, झोपलेल्या बीजाणूतही आरएनए असतो. तो बीजाणू घडताना भरून ठेवलेला असतो आणि ओल मिळताच वापरला जातो. मग एखादं जनुक कोरड्या बीजाणूत भरपूर दिसलं तर ते बीजाणू घडवणारं म्हणायचं का? मॅडम म्हणाल्या, “कोठीत भरलेलं धान्य वेगळं आणि कोठी बांधणारा सुतार वेगळा. आपल्याला सुतार हवाय.” त्यावरून यादीचे दोन भाग केले. उशिरा चढणारी पण कोरड्या बीजाणूत न उरणारी, ही घडणीची. उशिरा चढणारी आणि बीजाणूत साठलेली, ही शिदोरीची. दुसरा भाग टाकून दिलेला नाही. त्यात कोरडेपणा सोसायला लागणारी बरीच जनुकं आहेत, ट्रेहॅलोज या साखरेची, उष्णतेचा ताण सोसणाऱ्या प्रथिनांची. निलगिरीवरून निघालेला बीजाणू ऊन आणि कोरडा वारा सोसत शेकडो किलोमीटर जातो तो याच शिदोरीवर.

याच ओघात एक गोष्ट नोंदवून ठेवते. ढिगात असताना बीजाणू एकमेकांना रुजू देत नाहीत. काळ्या तांबेऱ्यात त्यासाठी मिथिल सिस-फेरुलेट नावाचा रेणू असतो, अत्यल्प मात्रेत काम करणारा. बीजाणू वाऱ्यावर पांगले आणि दवात धुतले गेले की तो निघून जातो आणि मगच अंकुर फुटतो. फोडातल्या फोडात रुजून वाया जाणं टळतं. हा रेणू बीजाणूत शिरतो केव्हा आणि तो बनवतं कोण? मिथिल गट जोडणारी विकरं यादीत दिसली की मी प्रत्येकाशी थांबते. अजून बोट ठेवण्यासारखं काही नाही.

२५ सप्टेंबर

पॉपलर झाडाच्या तांबेऱ्यावरचं २०१० चं काम पुन्हा नीट वाचलं. त्यांनी पानाचे पातळ काप घेऊन फोडाचा भाग लेझरने कापून काढला, हॉस्टोरिया असलेला भाग वेगळा कापला आणि दोन्हींचा आरएनए स्वतंत्र मोजला. आम्ही आकडेमोडीने जी सरमिसळ सोडवू पाहतोय ती त्यांनी सुरीने सोडवली. निष्कर्ष स्पष्ट: झाडावर जगण्याकडून बीजाणू घडवण्याकडे जाताना जनुकांचा संच ठळक बदलतो.

पॉपलरचा तांबेरा म्हणजे मेलाम्प्सोरा. त्याचे युरेडोस्पोअर पुक्सिनियासारखेच देठावर एकेकटे बसतात, चाफ्याच्या तांबेऱ्यासारखे साखळीत नाहीत. म्हणून ही तुलना चालते. घडणीच्या यादीतल्या प्रत्येक जनुकापुढे एक रकाना वाढवला: मेलाम्प्सोराच्या फोडात याचं भावंड चढतं का. ज्या दोन बुरशींचे पूर्वज फार पूर्वी वेगळे झाले त्यांत एकच जनुक एकाच कामाला लागलेलं दिसलं तर ते योगायोगाने यादीत आलं असण्याची शक्यता बरीच कमी होते. यादी आक्रसली. आक्रसली ते चांगलंच.

१८ ऑक्टोबर

उरलेल्या यादीत ओळखीचं काय? बुरशीच्या भिंतीतलं कायटिन बनवणारी विकरं, आणि त्याच सुमारास कायटिन तोडणारीही. पेशीविभाजनाची नेहमीची मंडळी. साखरेपासून बनणाऱ्या अल्कोहोलांची देवघेव करणारी. कॅरोटिनॉइडची, ती वर आलीच. प्रतिलेखनाचे काही नियामक, ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, कारण घडणीचा हुकूम यांच्यापैकी कोणाकडून तरी सुटत असावा.

आणि मोठा भाग अनोळखी. ज्यांना कुठलंच ज्ञात डोमेन (ओळखीची घडी) नाही, तांबेरा कुळाबाहेर भावंड नाही अशी प्रथिनं. तांबेऱ्यात हे नवीन नाही. २०११ च्या संचात काळ्या तांबेऱ्याची १७,७७३ प्रथिनं वर्तवली होती आणि त्यांतल्या कितीतरींचं काम आजही माहीत नाही. त्यांत लहान, पेशीबाहेर स्रवणारी बरीच. अशी प्रथिनं दिसली की त्यांना झाडाला भुलवणारी इफेक्टर म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. पण बीजाणूची भिंत पेशीबाहेरच बांधली जाते, तिचं सामानही स्रवलेलंच असणार. उशिरा स्रवणारं, हॉस्टोरियात नसलेलं, मेलाम्प्सोराच्या फोडातही चढणारं लहान प्रथिन मी आधी भिंतीच्या खात्यात लिहीन. मात्र काणीतल्या रॉस-१ ची आठवण ठेवून, त्याच्याखाली उशिराचे इफेक्टरही होते, हे खातं पेन्सिलीनेच लिहिलंय.

१९ जानेवारी २०२५

पेडण्याला मामांच्या शेतात. भुईमुगाची पानं वरून हिरवी, मागे तांबूस-तपकिरी बारीक फोड, खसखशीएवढे. मामांनी पान उलटून माझ्यापुढे धरलं. “पानामागची ही पूड म्हणजेच त्याचं बी काय गो?” होय म्हटलं. “मग हे बीच धरू दिलं नाही तर?” प्रकल्पाचा अर्ज लिहिताना मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. त्यांना सांगितलं की जगात त्यावर काम चालू आहे, आम्ही त्यातला लहानसा भाग करतोय, आणि सध्या तुम्ही फवारणी सोडू नका.

संध्याकाळी लॅबमध्ये पात्याने हाताने काप घेतले. बहुतेक जाड झाले, एक पातळ निघाला. त्यात सगळं दिसलं: तळाशी धाग्यांची दाट गादी, त्यातून वर उठलेले बारीक पारदर्शक देठ, प्रत्येकाच्या टोकावर एक बीजाणू. कडेचे, त्वचेखाली दबलेले, लहान आणि फिके. मधले मोठे, तपकिरी, भिंतीवर काटे. भिंग वरखाली केलं की काटे कडेवर उभे राहतात आणि मग पृष्ठभागावर ठिपक्यांसारखे पसरतात. फिक्या, कोवळ्या बीजाणूंची कड मात्र गुळगुळीत.

हे काटे बाहेरून चिकटवलेले नसतात. जवसाच्या तांबेऱ्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९७१ मध्ये दाखवलं गेलं की ते कोवळ्या बीजाणूच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, पेशीपटलालगत तयार होतात. मग भिंत त्यांच्यामागे आतून नवी बांधली जाते, बाहेरचा थर विरतो, आणि काटे उघडे पडतात. म्हणजे एकाच वेळी बांधणं आणि विरघळवणं. ऑक्टोबरच्या यादीत कायटिन बनवणारी आणि तोडणारी विकरं एकत्र का होती, याचं एक पटणारं स्पष्टीकरण त्या कापात समोर होतं. दुसरी स्पष्टीकरणंही शक्य आहेत, धागा वाढतानाही दोन्ही लागतात. पण धागे तर तिसऱ्या दिवशीही वाढत होते आणि तेव्हा ही विशिष्ट विकरं गप्प होती. त्यामुळे माझा कल काट्यांकडे आहे.

मॅडमनी बराच वेळ भिंगाला डोळा लावला आणि एवढंच म्हणाल्या, “फोटो काढून ठेव, काप वाळेल.” काढले.

३ फेब्रुवारी

यादी तपासण्याचा मार्ग. तांबेऱ्यात जनुक थेट काढून टाकणं अजून सोपं नाही. गव्हाकडूनच बुरशीचं जनुक गप्प करवतात: बुरशीच्या जनुकाचा तुकडा बार्लीच्या एका विषाणूत घालून तो गव्हाला टोचतात, गहू त्याविरुद्ध बारीक आरएनए बनवतो, ते हॉस्टोरियामार्गे बुरशीत जाऊन तिचा संदेश तोडतात. नारिंगी तांबेऱ्यातल्या एमएपी कायनेज, सायक्लोफिलिन आणि कॅल्सिन्युरिन-बी या जनुकांवर २०१३ मध्ये असं करून रोग कमी झालेला दाखवला आहे.

आमच्या प्रश्नासाठी मात्र ‘रोग कमी झाला’ हे उत्तर अपुरं. फोड कमी आले म्हणजे बीजाणू घडणं थांबलं की बुरशीच आधी अशक्त झाली? म्हणून सहकार्य करणाऱ्या गव्हाच्या लॅबला मोजणी काय हवी ते वेगळं लिहून पाठवते आहे. पाचव्या दिवशी धाग्यांचा पसारा आणि हॉस्टोरियांची संख्या, रंगवलेल्या पानांवर. फोड फुटायचा दिवस. एका फोडातून निघणारे बीजाणू, वजनावर नव्हे, मोजपट्टीच्या काचेवर गणून. त्यांतले किती रुजतात. आणि बीजाणूंचे फोटो, काटे दिसतील असे. पसारा आणि हॉस्टोरिया नेहमीसारखे असून फोड उशिरा फुटला किंवा बीजाणू वेडेवाकडे निघाले, तरच ते जनुक घडणीचं.

१७ फेब्रुवारी

गप्प करायच्या जनुकांचे तुकडे निवडले. दोन प्रतिलेखन-नियामक, एक कायटिन तोडणारं विकर, भिंतीच्या खात्यातलं एक अनोळखी लहान प्रथिन. सोबत दोन नियंत्रणं: कॅरोटिनॉइडचं एक जनुक, जे गप्प झालं तर फिके बीजाणू दिसायला हवेत आणि फोड वेळेवरच फुटायला हवेत, आणि बुरशीत कुठेच न जुळणारा एक तुकडा.

प्रत्येक तुकडा गव्हाच्या संपूर्ण जनुकसंचाशी २१ अक्षरांच्या खिडकीने तपासला, नाहीतर गव्हाचंच जनुक गप्प होऊन भलताच परिणाम दिसायचा. एका नियामकाचा तुकडा गव्हातल्या एका जनुकाला सलग जुळला, तो आणखी खालच्या भागातून पुन्हा घेतला. पिवळ्या तांबेऱ्याच्या दोन्ही केंद्रकांतल्या आवृत्त्यांना सगळे तुकडे जुळतात. नारिंगी आणि काळ्यात कायटिन तोडणाऱ्या विकराचा तुकडा बऱ्यापैकी जुळतो, बाकीचे नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे काढावे लागतील.

क्रम पत्रकात भरले, मॅडमची सही झाली, उद्याच्या टपालात ऑर्डर जाते.